पिकअप गाडीचें इंजिन : जुनें बरें कीं नवें?

अजिंठ्याच्या सडकेवर फुलंब्री येथें पहाटे चारच्या सुमारास कोणी उभा राहील, तर त्यास या तालुक्याची शेती चाकांवरून जातांना दिसेल. आलें, टोमॅटो, मिरची, कोबी, दुधाचे कॅन यांनीं भरलेल्या पिकअप गाड्या चौक्याचा घाट ओलांडून छत्रपति संभाजीनगरच्या जाधववाडी बाजाराकडे निघालेल्या असतात. पूर्वीं ज्या कामास बैलगाडीला सारी रात्र लागे, तें आतां तासाभरांत होतें. साहजिकच या गाड्यांच्या इंजिनांची चर्चा आमच्याकडे बैलजोडीच्या चर्चेइतकीच मनापासून होते, आणि तिचा सूर बहुधा एकच असतो : "जुनें इंजिन तें जुनें इंजिन! नव्या गाडींत लोखंड कमी आणि तारा जास्त." हें मत कितपत खरें आहे, आणि पुढील गाडी घेतांना शेतकऱ्यानें त्यावरून काय ठरवावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. आमच्या शेजारच्या एका बागाईतदारांनीं कर्ज काढून नवी पिकअप घेतली. दीड वर्षानें, ऐन पावसाळ्यांत, टोमॅटोचे साठ क्रेट भरून ती घाट चढत असतां समोरच्या फळीवर पिवळा दिवा लागला, गाडीची ओढ गेली, आणि पायीं चालणाऱ्या माणसाच्या गतीनें ती कशीबशी कडेला आली. फुलंब्रीहून आणलेल्या मिस्त्रीनें बॉनेट उघडून पाहिलें व प्रामाणिकपणें हात जोडले : "दादा, ही गाडी कॉम्प्युटर लावल्याशिवाय बोलत नाहीं." दुसरी गाडी मिळून माल बाजारांत पोहोंचेपर्यंत लिलाव आटोपले होते, माल मिळेल त्या भावानें द्यावा लागला. गाडी टोचन करून शहरांत न्यावी लागली, तेथें चार दिवस अडकली, आणि इंजेक्टर बदलण्याचें जें बिल आलें त्यानें त्या तोडणीचा सारा नफा खाल्ला. दोन महिन्यांनीं त्यांनीं ती गाडी तोट्यानें विकली व दहा वर्षांची जुनी गाडी घेतली. ज्याचें कर्ज फिटावयाचें आहे व ज्याचा माल एका दिवसांत नासणारा आहे, त्यानें असें केलें तर त्यास अविचारी कोणी म्हणूं नये. परंतु या हकीकतीचा उरलेला भाग आम्ही पुढें सांगणार आहों.

जुन्या इंजिनावरील लोकांच्या प्रेमाचें कारण त्याच्या रचनेंतच आहे. हवा जोरानें दाबली असतां ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा बारीक फवारा सोडला कीं तो आपोआप पेटतो, एवढेंच डिझेल इंजिनाचें तत्त्व. रूडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींत तें यशस्वी करून दाखविलें. जुन्या गाडींत तेलाचा पंप इंजिनाच्याच दांतेरी चक्रांवर फिरतो व नोझल ठराविक दाबास उघडतें. एकदां सुरू झालेल्या अशा इंजिनास विजेचें काम जवळजवळ नसतें. बॅटरी उतरली तरी गाडी उतारावर ढकलून सुरू करतां येते. पंपांत हवा शिरली तर स्क्रू सैल करून हातपंपानें ती काढावी, इतकें ज्ञान शेतावरच्या गड्यासहि असतें. कारण विहिरीवरच्या इंजिनानें तें त्यास पूर्वींच शिकविलेलें आहे.

ही शिकवण आपल्या महाराष्ट्रांत जुनी आहे. सातारच्या कूपर कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांतच डिझेल इंजिनें तयार करण्यास आरंभ केला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली, आणि खडकीच्या तिच्या कारखान्यांतील इंजिनें गांवोगांवच्या विहिरींवर बसलीं. गाड्यांचें घराणेंहि तसेंच. महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत जीप जोडण्यास सुरुवात केली. पुढें तिच्या डिझेल गाड्यांत ट्रॅक्टरच्या वंशांतलें, व नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचें इंजिन आलें. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीनें, जिचें नांव आतां फोर्स मोटर्स आहे, मर्सिडीझचें 'ओएम ६१६' हें इंजिन परवान्यानें येथें बनविलें. टाटांची एस ही गाडी, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', २००५ सालीं निघाली, ती अवघ्या ७०२ घनसेंटिमीटरच्या, दोन सिलिंडरांच्या, सोळा अश्वशक्तीच्या साध्या इंजिनावर. या सर्वांत एक गोष्ट समान होती. पान्हे, फीलर गेज व अनुभवी कान एवढ्या भांडवलावर तालुक्याचा मिस्त्री तीं उघडूं शके, आणि सुटा भाग न मिळाल्यास लेथवर घडवूनहि घेई.

मग हें सोपें यंत्र बदललें कां? तर धुरामुळें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर निश्चितपणें कर्करोगकारक ठरविला. आपल्या देशांत १ एप्रिल २०१७ पासून सर्वत्र बी. एस. ४ हा नियम आला, आणि पांचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम बी. एस. ६ लागू झाला. डिझेलमधील गंधकाचें प्रमाण दहा लाख भागांत ५० होतें, तें १० वर आलें. आणि डिझेल मोटारींच्या धुरांतील कणांची मर्यादा सुमारें ८२ टक्क्यांनीं खालीं आणली गेली. इतका स्वच्छ धूर केवळ यांत्रिक पंपानें मिळणें शक्य नव्हतें. म्हणून 'कॉमन रेल' आली, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच नळींतून सोळाशें ते दोन हजार बार इतक्या प्रचंड दाबाचें तेल मिळूं लागलें. तें केव्हां व किती सोडावें हें इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवूं लागला. सायलेन्सरमध्यें काजळीची गाळणी बसली. आणि कांहीं गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठीं युरियाच्या द्रावाची वेगळी टांकी आली.

आतां आमच्या शेजाऱ्यांच्या हकीकतीचा उरलेला भाग. वर्कशॉपमध्यें जुने इंजेक्टर काढून दाखविले तेव्हां ते आंतून गंजलेले होते. डिझेलच्या गाळणीखालीं पाणी सांचण्याची वाटी असते. ती दीड वर्षांत एकदांहि सोडलेली नव्हती. शेतावर प्लास्टिकच्या कॅनमध्यें डिझेल ठेवीत, तेंच अडीअडचणीस गाडींत ओतीत. जुन्या पंपानें असें तेल वर्षानुवर्षें पचविलें असतें. नव्या इंजेक्टरांतील फटी केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, त्यांना पाण्याचा थेंब व धुळीचा कण सोसत नाहीं. म्हणजे यंत्र वाईट नव्हतें. परंतु त्या वाटीविषयीं त्यांस कोणी एक शब्दहि सांगितला नव्हता, आणि गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक इंग्रजींत होतें. दोष वाटून द्यावयाचा झाल्यास तो असा वाटला पाहिजे.

नव्या गाडीस आमच्या भागांत आणखी तीन गोष्टी विशेष बाधतात. पहिली, थोड्या अंतराची संथ चाल. गाळणींत सांचलेली काजळी सुमारें सहाशें अंश उष्णतेवर जळून जाते, व त्यासाठीं गाडी मोकळ्या सडकेवर पंधरा-वीस मिनिटें तरी सलग चालावी लागते. जी गाडी शेतांतून गांवापर्यंत दोन मैलच जाते, तिची गाळणी तुंबणारच. दुसरी, क्षमतेबाहेरचा भार. टर्बो तापलेला असतांना चालकानें चढ संपतांच इंजिन बंद केलें, तर बेअरिंगांतील तेल करपतें; एक-दोन मिनिटें इंजिन मंद चालूं द्यावें. तिसरी गोष्ट शेतकऱ्यांस खास सांगावयाची आहे. गाडीचा द्राव ३२.५ टक्के शुद्ध युरियाचा असतो हें ऐकून कांहीं जण खताच्या गोणींतला युरिया पाण्यांत विरघळवून टांकींत ओततात. असें कदापि करूं नये. २०१५ पासून देशांतील खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलानें माखलेला असतो, त्यांत इतर अशुद्ध द्रव्येंहि असतात. त्यानें हजारों रुपयांचा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय अनुदानाचें खत शेतीखेरीज वापरणें हा गुन्हा आहे. विकतचा द्रावहि मराठवाड्याच्या उन्हांत पत्र्याखालीं ठेवल्यास बिघडतो. तो सावलींत ठेवावा व लागेल तेवढाच आणावा.

येथवर वाचून, "तर मग जुनीच गाडी बरी," असें कोणी म्हणेल. त्यांनीं दुसरी बाजूहि पाहावी. आज रस्त्यावर दिसणारीं जुनीं इंजिनें टिकाऊ वाटतात, याचें एक कारण असें कीं, जीं टिकलीं नाहींत तीं केव्हांच भंगारांत गेलीं. आपल्या डोळ्यांपुढें निवडक तेवढीं उरलीं. नव्या गाडीचें मोठें बिल एकदां येतें व जन्मभर लक्षांत राहतें. जुन्या गाडीचे दोनशें-पांचशें रुपये मिस्त्रीकडे दर महिन्यास जातात, त्यांचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीस आपल्या राज्यांत पर्यावरण कर पडतो व योग्यतेची तपासणी दरवर्षीं करावी लागते. आणि तो धूर दूर कोठें जात नाहीं. मागच्या फळ्यावर बसून येणारा मजूर व चालकाच्या शेजारीं बसलेला आपला मुलगा यांच्या छातींत तो प्रथम जातो. पूर्वीं लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशी समजूत होती, व किर्लोस्करांना आपले पहिले नांगर खपविण्यास फार सायास पडले. शेतकऱ्याचा अविश्वास सकारण असतो, पण प्रत्येक वेळीं बरोबर असतोच असें नाहीं.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें आहे. यंत्र जुनें कीं नवें हा मुख्य प्रश्न नव्हे. तें जेथें बंद पडेल तेथून जवळच त्याचें दुखणें ओळखणारा माणूस आहे कीं नाहीं, हा मुख्य प्रश्न आहे. जुनें इंजिन शेतकऱ्यास विश्वासू वाटतें तें कधीं मोडत नाहीं म्हणून नव्हे, तर मोडलें असतां त्याच दिवशीं दुरुस्त होतें म्हणून. या दृष्टीनें गाडी घेणाऱ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

१. ज्यांची गाडी रोज शहराच्या बाजारास जाते, त्यांनीं नवी गाडी घेण्यास भिऊं नये. सलग चालीमुळें गाळणी साफ राहते. मात्र खरेदीपूर्वीं वर्कशॉप किती अंतरावर आहे, तेथें इंजेक्टर शिल्लक असतात काय, व हमींत काय येतें, हें लेखी विचारावें.

२. ज्यांची गाडी शिवारांतच फिरते, त्यांनीं गाळणीच्या डिझेल गाडीच्या वाटेस जाऊं नये. त्यांस ट्रॅक्टरची ट्रॉली, सी. एन. जी. ची किंवा विजेवरची लहान गाडी, अथवा नीट पारखून घेतलेली जुनी गाडी पुरेशी आहे.

३. जुनी गाडी घेतांना ती थंड असतांना सुरू करून पाहावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळतें. इंजिन गरम झाल्यावरहि पांढरा धूर राहिला व पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. ऑइल घालण्याचें झांकण काढून पाहावें. तेथून जोरानें वाफ येत असल्यास बोअर-पिस्टनचें काम निघालें असें समजावें.

४. नव्या गाडीच्या गाळणीखालचें पाणी पावसाळ्यांत दर आठवड्यास व एरवीं दर पंधरवड्यास सोडावें. डिझेल खात्रीच्या पंपावर, थेट टांकींत भरावें. इंजिन ऑइल पुस्तकांत सांगितलेलेंच वापरावें. या गाड्यांचें ऑइल वेगळें असतें.

५. काजळीची गाळणी कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकूं नये. तें नियमाविरुद्ध आहे, आणि पुढें तपासणींत गाडी अडते.

शेवटीं आमच्या संघाच्या सभासदांपुढें एक सूचना ठेवतों. केंद्र सरकारनें २०२२ सालीं 'दुरुस्तीच्या हक्का'साठीं समिति नेमली व डिसेंबरांत त्याचें पोर्टलहि सुरू केलें. मोटारी आणि शेतीचीं अवजारें हीं दोन्हीं त्याच्या कक्षेंत आहेत. परंतु हक्क कागदावर असून भागत नाहीं, तो बजावणारे हात गांवांत असावे लागतात. दोष वाचणारा स्कॅनर एका मिस्त्रीस महाग वाटेल, दहा गांवांनीं मिळून घेतल्यास वाटणार नाहीं. आय. टी. आय. झालेल्या दोन मुलांना संघाच्या खर्चानें कॉमन रेलचें शिक्षण द्यावें, आणि गाडीची निगा कशी राखावी याचें एक पानी मराठी पत्रक काढून प्रत्येक गाडीमालकास द्यावें. त्या पत्रकावर पहिली ओळ पाण्याच्या वाटीविषयीं असावी. तेवढी एक ओळ वेळेवर वाचावयास मिळाली असती, तर त्या पावसाळ्यांतले साठ क्रेट टोमॅटो वेळेवर लिलावास पोहोंचले असते.