कायद्याच्या वर्गात हॅश व्हॅल्यू

बारावीनंतर पाच-सहा वर्षांत कायदा आणि तंत्रविज्ञान एकत्र शिकवणारे अभ्यासक्रम आता भारतात नवलाईचे राहिलेले नाहीत. डेहराडूनच्या यूपीईएस विद्यापीठाने इंजिनिअरिंगच्या पदवीला सायबर कायद्याची जोड दिली. गुजरातेत गांधीनगरला बीएस्सी एलएलबी करता येते. या पदव्यांचे कौतुक सहसा वाचलेल्या वर्षांवरून आणि वाढलेल्या नोकऱ्यांवरून होते. मला ही दोन्ही कारणे दुय्यम वाटतात. खरे कारण पुराव्यात आहे. डिजिटल पुरावा कोर्टापुढे आला की तंत्र कुठे संपले आणि कायदा कुठे सुरू झाला, हे वेगळे काढताच येत नाही.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीतला जालन्याचा वाद घ्या. अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि त्याची मदार निवडणूक कचेरीतल्या व्हिडिओ चित्रीकरणावर होती. पुरावा कायद्याच्या कलम ६५ब नुसार डिजिटल नोंदीच्या प्रतीसोबत लागणारे प्रमाणपत्र मात्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, पण पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही तर त्याला सवलत मिळू शकते, असा निकाल २०२० मध्ये लागला. याच मुद्द्यावर २०१४ आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने परस्परविरोधी भूमिका घेतल्या होत्या. म्हणजे कॅमेऱ्यातली फीत आणि तिची प्रत यांत फरक काय, या वरकरणी तांत्रिक प्रश्नाने देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला सहा वर्षे गुंतवून ठेवले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ही गुंतागुंत वाढली. कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि दोघांनीही हॅश व्हॅल्यू नोंदवायची. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची ओळख; फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-२५६ बरोबर एमडी-५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतीही आहेत. गंमत अशी की, एकच हॅश असलेल्या दोन निराळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात, हे एमडी-५ बाबत २००४ मध्ये आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये सिद्ध झालेले आहे. एवढेच वाचलेला वकील पुरावा बाद करा म्हणून उभा राहील. पण आधीच नोंदलेल्या हॅशशी जुळणारी दुसरी फाइल मागाहून तयार करणे ही निराळी आणि कितीतरी अवघड गोष्ट आहे; एमडी-५ बाबतही ती व्यवहारात कोणी करून दाखवलेली नाही. तेव्हा ही हरकत टिकेल ती मूळ फाइल बनवणाऱ्यानेच दोन्ही रूपे आधीपासून तयार ठेवली असण्याची शक्यता असेल तिथे. एरवी उलटतपासणीत विचारायला हवे ते हे, की हॅश जप्तीच्या वेळी पंचनाम्यात नोंदली, की प्रयोगशाळेत आठवड्याने काढली? हा प्रश्न सुचायला जप्तीची प्रक्रिया आणि हॅशचे गणित एकाच डोक्यात असावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो: वकील आणि तज्ज्ञ मिळून काम करतातच, मग एक ना धड भाराभर चिंध्या कशाला? त्यात तथ्य आहे. आपण साक्षीदार होऊ शकतो असे दिसत असलेला खटला वकिलाने घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यामुळे तज्ज्ञाचा भाग भरून पुन्हा त्यावरच युक्तिवाद करणे जोडपदवीधरालाही जमणार नाही. तज्ज्ञ लागणारच. मात्र तज्ज्ञाला काय विचारायचे हे तज्ज्ञ सांगत नाही, विरुद्ध पक्षाचा तर नाहीच.

आधी इंजिनिअर होऊन मग तीन वर्षांची एलएलबी करावी, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. खरगपूरच्या आयआयटीतले विधी विद्यालय मुख्यतः अशाच विद्यार्थ्यांसाठी उभे राहिले, आणि ज्याचा कल अजून ठरलेला नाही त्याला हाच मार्ग मी सुचवेन. जोडपदवी त्याहून सरस ठरते ती दोन विषय खरोखर एकत्र शिकवले तरच. सकाळी करार कायदा आणि दुपारी नेटवर्किंग, दोन्हींचे प्राध्यापक एकमेकांना अनोळखी, अशी रचना असेल तर ती एका शुल्कात बांधलेली दोन गाठोडी. म्हणून प्रवेशापूर्वी माहितीपुस्तिकेतली नोकऱ्यांची पाने सोडून थेट अभ्यासक्रम मागावा. विद्यार्थी स्वतः डिस्कची प्रतिमा घेतो का, तिचे कलम ६३ चे प्रमाणपत्र लिहितो का, आणि अभिरूप न्यायालयात त्याच प्रमाणपत्रावर त्याची उलटतपासणी होते का, हे विचारावे.