अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग : धोका, निदान आणि टप्पे

शिरूर तालुक्यातील घोडकाठच्या आणि दौंड तालुक्यातील भीमाकाठच्या गावांत साठी ओलांडलेले अनेक पुरुष रात्री तीन-चार वेळा लघवीसाठी उठतात. “वय झाले, चालायचेच,” असे म्हणून त्रास अंगावर काढला जातो. पुष्कळदा हे म्हणणे खरेही असते. वयोमानानुसार प्रोस्टेट म्हणजेच अष्ठीला ग्रंथी वाढते व ती वाढ कर्करोग नसते. मात्र वाढ साधी की घातक, हे घरबसल्या ठरविता येत नाही.

धोका कोणास?

अक्रोडाएवढी ही ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असते. पन्नाशीनंतर तिच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. वडील किंवा सख्खा भाऊ यांस हा रोग झाला असल्यास तो सुमारे दुप्पट होतो. आरंभी बहुधा कोणतेच लक्षण नसते. रोग हाडांत उतरल्यावर कंबर सतत दुखू लागते. पण उसाच्या शेतात राबणारा शेतकरी ते दुखणे कष्टाचेच समजतो आणि मोलाचा काळ निघून जातो.

निदान कसे होते?

डॉक्टर प्रथम गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. त्यानंतर रक्तातील ‘पीएसए’ या प्रथिनाचे प्रमाण पाहिले जाते. दर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही रूढ मर्यादा होय. तथापि साध्या वाढीने वा जंतुसंसर्गानेही हे प्रमाण वाढते. म्हणून केवळ या आकड्यावरून कर्करोग ठरत नाही. गरजेनुसार एमआरआय काढून, सुईने ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे घेतले जातात. सूक्ष्मदर्शकाखालील त्यांची तपासणी हेच खात्रीचे निदान. पेशींची आक्रमकता ‘ग्लीसन’ गुणांकाने सांगतात : ६ म्हणजे सौम्य, ८ ते १० म्हणजे उग्र.

रोगाचे टप्पे

रोग कोठवर पसरला, हे टी, एन व एम या तीन अक्षरांनी दर्शवितात. टी-१ मध्ये गाठ बोटाला लागत नाही. टी-२ मध्ये ती लागते, पण ग्रंथीतच असते. टी-३ मध्ये ती ग्रंथीबाहेर येते. टी-४ मध्ये मूत्राशय, गुदाशय अशा शेजारच्या अवयवांना धरते. एन हे अक्षर जवळच्या लसिका ग्रंथींविषयी, तर एम हाडे व दूरच्या अवयवांविषयी सांगते. उपचार यावरूनच ठरतात. सौम्य रोगात काही वेळा नियमित देखरेख पुरते. मर्यादित रोग शस्त्रक्रियेने वा किरणोपचाराने बरा होऊ शकतो. पसरलेला रोग संप्रेरक उपचाराने दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतो. या उपचाराचा पाया घालणारे डॉ. चार्ल्स हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

गावाने काय करावे?

राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख या कर्करोगांची सरसकट चाचणी होते. अष्ठीलेची होत नाही. म्हणजे येथे रुग्णाने स्वतः बोलणे हाच पहिला उपाय ठरतो. लघवीची धार मंदावणे, लघवी अडणे, तीत रक्त दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तेथून गरजेप्रमाणे पुण्याच्या ससून रुग्णालयात वा १९४१ पासून कार्यरत असलेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. पात्र रुग्णास त्याची माहिती द्यावी.

शिक्षक आणि पंचायत सदस्यांच्या शब्दाला गावात मान असतो. ग्रामसभेत त्यांनी हा विषय निःसंकोच मांडल्यास, घरात गप्प बसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्यास वेळेवर तपासणीस जाण्याचे धैर्य येईल.