कॅमेऱ्यासमोरून मतदारांसमोर

उत्रोली म्हणजे भोर शहराला अगदी खेटून असलेलं गाव. बातम्यांच्या चॅनेलवर ते क्वचितच झळकतं. झळकलंच तर रखडलेल्या एमआयडीसीमुळे. चॅनेलवरचे चेहरे मात्र इथल्या घराघरांत रोज रात्री जेवणाच्या वेळेला न चुकता हजर. आता समजा, त्यातल्याच एकाने उद्या कोट उतरवला, गळ्यात उपरणं घातलं आणि भोर-राजगड-मुळशीतून विधानसभेचा अर्ज भरला तर? ओळख करून द्यायला बॅनर लागणार नाहीत, हे खरं. पण याच मतदारसंघात नोव्हेंबर 2024 मध्ये तीन वेळचे आमदार संग्राम थोपटे हरले आणि शंकर मांडेकर निवडून आले. वडिलांपासून चालत आलेली पुण्याई, साखर कारखाना, गावोगावची माणसं पाठीशी असताना हे झालं, तिथे रात्री नऊच्या बुलेटिनचं काय घेऊन बसलात!

तरीही हे धाडस करणारे कमी नाहीत. त्यांच्याच या काही गमतीजमती.

साडीच्या खाली जीन्स

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरचं केंद्र सुरू झालं आणि मुंबईचं चित्र पुणे परिसरात दिसू लागलं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांना हा गड म्हणजे सख्खा शेजारी. त्या काळात मराठी बातम्या वाचणाऱ्या एका सावळ्या, मोठ्या डोळ्यांच्या मुलीची गोष्ट अजून सांगितली जाते. ती स्टुडिओत जीन्स घालून यायची, बातम्यांची वेळ झाली की त्यावरच साडी गुंडाळायची आणि कॅमेऱ्यासमोर बसायची. कॅमेरा कमरेच्या खाली जातोय कशाला! तिचं नाव स्मिता पाटील.

स्मिताला राजकारणात जायची गरज नव्हती, राजकारण घरातच होतं. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक आणि राज्याचे मंत्री. पुढाऱ्याची मुलगी बातम्या वाचायला बसली आणि तिथून सिनेमात गेली. श्याम बेनेगल यांनी तिला टीव्हीवर पाहूनच हेरलं, असं म्हणतात. आपल्याकडचा पडद्यावरचा सर्वांत गाजलेला बातम्यांचा चेहरा राजकारणाकडे गेला नाही, तो राजकारण्याच्या घरून आला होता.

मराठीत संपादकांची चलती

मराठी अँकर आमदार-खासदार झाल्याचं ठळक उदाहरण शोधायला जावं, तर हाती लागतात संपादक. कुमार केतकर 2018 मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेवर गेले. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे भारतकुमार राऊत 2008 मध्ये शिवसेनेकडून गेले. ‘सामना’चे संजय राऊत तर 2004 पासून तिथेच आहेत. यातल्या कुणालाही त्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरावं लागलं नाही, राज्यसभेला आमदार मतं देतात. जनतेतून निवडून आलेला संपादक हवा असेल तर उत्रोलीकरांनी शेजारच्या पुरंदरकडे बघावं. सासवडजवळ जन्मलेले आचार्य अत्रे 1956 मध्ये ‘मराठा’ दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले आणि 1957 मध्ये विधानसभेवर निवडूनही आले. अत्र्यांच्या काळात इथे टीव्ही नव्हता. असता तर समोरच्या पाहुण्याला एक वाक्य तरी पुरं करता आलं असतं का, शंकाच आहे.

थेट विहिरीतून

या सगळ्या मंडळींत माझा सर्वांत आवडता किस्सा केरळचा. एम. व्ही. निकेश कुमार हे मल्याळम टीव्हीवरचं मोठं नाव, ‘रिपोर्टर’ चॅनेलचे तेव्हाचे कर्तेधर्ते. 2016 मध्ये ते कन्नूर जिल्ह्यातल्या अळीक्कोडमधून माकपतर्फे उभे राहिले. प्रचारासाठी त्यांनी ‘गुड मॉर्निंग अळीक्कोड’ नावाचे व्हिडिओ काढले. एका भागात पिण्याच्या पाण्याची अवस्था दाखवायला हे महाशय चक्क विहिरीत उतरले आणि आतून बोलू लागले. सवयच ती, जागेवर जाऊन दाखवल्याशिवाय बातमी होत नाही. सोशल मीडियावर त्यांची इतकी टर उडवली गेली की पाण्याचा प्रश्न बाजूला पडला.

गंमत इथेच थांबत नाही. निकेश यांचे वडील एम. व्ही. राघवन हे माकपचे बडे नेते, पण 1980 च्या दशकात पक्षाने त्यांना काढून टाकलं होतं. मग त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि 1987 मध्ये याच अळीक्कोडमधून ते निवडून आले. ज्या पक्षाने बापाला हाकललं, त्याच पक्षाने मुलाला बापाच्याच जुन्या जागेवर तिकीट दिलं. निकेश हरले, तेही अडीच हजारांपेक्षा कमी मतांनी. पुन्हा स्टुडिओत गेले आणि 2024 मध्ये पत्रकारिता सोडून पूर्णवेळ राजकारणात आले.

त्याच 2016 च्या निवडणुकीत त्याच पक्षाने आणखी एक टीव्ही पत्रकार उभी केली होती, अरनमुळातून वीणा जॉर्ज. त्या जिंकल्या आणि 2021 मध्ये केरळच्या आरोग्यमंत्री झाल्या. त्या विहिरीत उतरल्या नव्हत्या, एवढं मात्र खरं.

आडनाव काय म्हणालात?

आशुतोष. बस्स, एवढंच नाव. हिंदी बातम्यांत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ याच एका नावावर काढला. 2014 मध्ये ‘आप’तर्फे ते दिल्लीच्या चांदनी चौकातून लोकसभेला उभे राहिले, आणि कार्यकर्त्यांशी ओळख करून देताना त्यांच्या नावामागे ‘गुप्ता’ चिकटलं. आपण विरोध केला होता, पण इथे तुमच्या जातीची मतं खूप आहेत असं ऐकवण्यात आलं, हे त्यांनी पक्ष सोडल्यावर 2018 मध्ये उघड केलं. गुप्ता लावूनही भाजपच्या हर्षवर्धन यांच्यापुढे डाळ शिजली नाही. टीव्हीवर पहिल्या नावाने भागतं. गावच्या पारावर ‘कुणाचा रे तू?’ हे आधी विचारतात, ही गोष्ट भोरच्या कुठल्याही पोराने त्यांना फुकट सांगितली असती.

त्याच पक्षाच्या शाझिया इल्मी, एकेकाळच्या स्टार न्यूजच्या अँकर, 2013 मध्ये दिल्लीच्या आर. के. पुरममधून अवघ्या 326 मतांनी पडल्या. पुढे 2015 मध्ये त्या भाजपमध्ये गेल्या.

मुख्यमंत्रिपदाचा टीआरपी

गुजरातेत ईसुदान गढवी ‘व्हीटीव्ही’वर ‘महामंथन’ नावाचा कार्यक्रम करायचे. शेतकऱ्यांचे प्रश्न, रोखठोक बोली. खेड्यापाड्यांत तुफान लोकप्रिय. 2021 मध्ये ते ‘आप’मध्ये गेले. 2022 च्या निवडणुकीआधी पक्षाने लोकांकडून फोनवर कौल मागवला की मुख्यमंत्रिपदाचा चेहरा कोण हवा? पक्षाच्या आकडेवारीनुसार 16 लाखांवर प्रतिसाद आले आणि त्यातले 73 टक्के गढवींच्या बाजूने. रिअॅलिटी शोच्या अंतिम फेरीत शोभावेत असे आकडे! प्रत्यक्ष मतदानात 182 पैकी पक्षाला पाच जागा मिळाल्या, आणि खंभाळियातून उभे असलेले गढवी स्वतः पडले. फोन करणारा आपल्याच मतदारसंघातला असतो असं थोडंच आहे?

लेखी देऊ का?

टीव्ही पत्रकार सागरिका घोष यांचे वडील भास्कर घोष दूरदर्शनचे महासंचालक. नवरा टीव्ही अँकर राजदीप सरदेसाई, म्हणजे मडगावला जन्मलेल्या कसोटीपटू दिलीप सरदेसाईंचा मुलगा. घरात टीव्हीच टीव्ही! कुठल्याही पक्षाकडून राज्यसभेचं तिकीट कधीच घेणार नाही, हवं तर लेखी देते, असं सागरिकाबाईंनी 2018 मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये तृणमूल काँग्रेसने त्यांना राज्यसभेवर पाठवलं. लेखी दिलेलं कसं जपून ठेवलं जातं, ते त्या दिवशी इंटरनेटने दाखवून दिलं.

जपानी त्रिकोण

अँकरांनी खरी बाजी मारली ती जपानमध्ये. 1989 च्या सुमारास ‘टीव्ही असाही’वरच्या एका कार्यक्रमात दोघी जणी सूत्रसंचालन करायच्या, सानाए ताकाइची आणि रेन्हो. त्याच काळात ‘टीव्ही टोकियो’वर अर्थविषयक बातम्यांचा कार्यक्रम सांभाळायच्या युरिको कोइके. तिघीही पुढे राजकारणात गेल्या. कोइके 2016 मध्ये टोकियोच्या गव्हर्नर झाल्या. 2024 मध्ये त्यांना आव्हान द्यायला रेन्हो उभ्या राहिल्या आणि थेट तिसऱ्या क्रमांकावर फेकल्या गेल्या. ताकाइची ऑक्टोबर 2025 मध्ये जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. बारकाईने पाहिलं तर या यशामागे पडदा थोडा आणि खस्ता फार. ताकाइची पहिल्यांदा निवडून आल्या 1993 मध्ये. पंतप्रधानपदापर्यंत पोचायला आणखी 32 वर्षं लागली.

आपलंच चॅनेल, आपलाच खर्च

कुणाला वाटेल, स्वतःचं चॅनेल असेल तर प्रचार फुकटात होईल. निवडणूक आयोगाने ही पळवाट बुजवली आहे. उमेदवाराच्या मालकीच्या वाहिनीवर त्याचा प्रचार झाला, तर त्या वेळेचे पैसे वाहिनीच्या नेहमीच्या जाहिरातदराने त्याच्या खर्चात धरले जातात. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 2022 पासून खर्चाची मर्यादा आहे 40 लाख रुपये. रोज रात्री तासभर स्वतःवरच चर्चा लावली, तर उत्रोलीत रिक्षावर भोंगा लावायलासुद्धा काही उरायचं नाही.

पांढऱ्या सुटातला खासदार

बीबीसीचे मार्टिन बेल हे खरं तर स्टुडिओतले नव्हेत, युद्धभूमीवरचे वार्ताहर. अंगात कायम पांढरा सूट. 1997 मध्ये ब्रिटनच्या टॅटन मतदारसंघात लाचेच्या आरोपांनी गाजलेल्या खासदाराविरुद्ध ते अपक्ष उभे राहिले. मजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट्स या दोघांनीही त्यांच्यासाठी आपले उमेदवार मागे घेतले आणि बेल 11 हजारांवर मतांनी जिंकले. टॅटनमधून फक्त एकदाच लढणार, असा त्यांचा शब्द होता. 2001 मध्ये त्यांनी टॅटन सोडलं, शब्द पाळला, आणि लगेच दुसऱ्या मतदारसंघातून उभे राहून हरले!

टॅटनच्या रिकाम्या जागेवर तीस वर्षांचा एक तरुण निवडून आला, जॉर्ज ऑस्बोर्न. पुढे तो ब्रिटनचा अर्थमंत्री झाला आणि 2017 मध्ये खासदार असतानाच त्याने लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ची संपादकी पटकावली.