ग्रीसवर ताणलेला पट्टा

जुन्या मिनी एक्स्कॅव्हेटरचा रबरी पट्टा चालता चालता उतरला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो नव्या पट्ट्याचा. रबर फाटलेलं दिसतं, कडा कुरतडलेल्या दिसतात, त्यामुळे दोष पट्ट्याच्या माथी बसतो. नवा पट्टा येतो, पैसे जातात, आणि थोड्याच कामानंतर तोही उतरतो. पट्टा उतरणं हे बहुतेक वेळा लक्षण असतं. रोग असतो पट्टा ताणून धरणाऱ्या ग्रीसच्या सिलिंडरमध्ये, स्प्रॉकेटच्या दातांत किंवा रोलरच्या सीलमध्ये. माझं म्हणणं असं की हा रोग ओळखण्याचं आणि पुष्कळ अंशी बरा करण्याचं काम घरच्या अंगणात, मालकाच्या हातून होऊ शकतं. या कामात हत्यारांपेक्षा निदान मोठं आहे, आणि निदानाला लागतो वेळ. तासावर पैसे घेणाऱ्या मेकॅनिकला तो परवडत नाही. घरच्या माणसाकडे तो असतो.

या यंत्राचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. चाकं रुततात तिथे पट्ट्यावर चालायचं, ही कल्पना बेंजामिन होल्टने 1904 साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळच्या मऊ जमिनीत वाफेच्या ट्रॅक्टरवर यशस्वी करून दाखवली. रबरी पट्ट्याला नाव मिळवून दिलं ते रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळणाऱ्या अदोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने. त्याच्या पट्ट्यांवर सित्रोएनच्या गाड्यांनी 1922-23च्या हिवाळ्यात सहारा ओलांडलं. छोट्या, अरुंद गल्लीत आणि घराच्या मागच्या दारी मावणाऱ्या एक्स्कॅव्हेटरचं जन्मस्थान मात्र जपान. पहिलं यंत्र कोणाचं यावर यान्मार 1968चा दाखला देते, तर ताकेउची 1971चा. ही यंत्रं आयुष्याची उमेदीची वर्षं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे आणि ठेकेदारांकडे काढतात, आणि थकली की ब्रिटन, आयर्लंड, अमेरिकेतल्या लहान शेतकऱ्यांच्या, घरमालकांच्या अंगणात येऊन पडतात. आपल्याकडे 'पोकलेन' म्हणून ओळखली जाणारी मोठी यंत्रं अजून लोखंडी चेनवरच चालतात आणि त्यांची दुरुस्ती हमरस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये होते. मिनी यंत्रं आता कुठे बागायतदारांपर्यंत पोहोचू लागली आहेत. ती जुनी होतील तेव्हा हाच प्रश्न आपल्या अंगणातही उभा राहील.

आता त्या ताणाच्या यंत्रणेकडे येऊ, कारण सगळ्या प्रश्नाची चावी तिच्यात आहे. पट्ट्याच्या एका टोकाला हायड्रॉलिक मोटरवर फिरणारं दातेरी स्प्रॉकेट असतं, दुसऱ्या टोकाला आयडलर नावाचं बिनदातांचं चाक. हे आयडलर चौकटीतल्या खाचेत पुढे-मागे सरकतं. त्याच्या मागे एक सिलिंडर, एक पिस्टन आणि एक जाड स्प्रिंग. चौकटीच्या बाजूला असलेल्या भोकातून ग्रीस गन लावून ग्रीस भरलं की पिस्टन आयडलरला पुढे ढकलतो आणि पट्टा ताणला जातो. सैल करायचा तर तिथलाच व्हॉल्व्ह हळूच ढिला करायचा, म्हणजे ग्रीस बाहेर येतं. पट्टा आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये दगड अडकला तर स्प्रिंग दबते, आयडलर मागे सरतं आणि मोटर वाचते. पंप नाही, नळी नाही, इंजिनशी कसलंही नातं नाही. वंगण म्हणून जन्मलेलं ग्रीस इथे अख्ख्या यंत्राची चाल पेलून धरतं. तेल वापरलं असतं तर झिजलेल्या सीलमधून ते भराभर पाझरलं असतं. ग्रीस घट्ट असल्यामुळे महिनोन्‌महिने जागेवर बसतं. इतक्या थोड्या सामानात इतकं काम करून घेणारी रचना मला मनापासून आवडते. शिवाय ती काय बिघडलंय हे स्वतःच सांगते.

ते असं. यंत्र एका बाजूने उचलून धरलं की पट्ट्याला खाली झोळ पडतो. अनेक लहान यंत्रांच्या पुस्तिकांत तो खालच्या रोलरपासून 10 ते 15 मिलिमीटर असावा असं दिलेलं असतं, तरी आकडा आपल्याच यंत्राच्या पुस्तिकेतला धरावा. ग्रीस भरून झोळ नीट केला, खडूने आयडलरच्या जागेची चौकटीवर खूण केली आणि यंत्र तसंच उभं ठेवलं. सकाळी आयडलर खुणेच्या मागे गेलेलं असेल तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय, पट्टा निर्दोष आहे. ग्रीस भरूनही आयडलर जागचं हलत नसेल तर खाचेत चिखल दगडासारखा बसलाय किंवा गंज धरलाय. आयडलर पुढच्या टोकाला जाऊन टेकलं आणि तरीही पट्टा सैल राहिला, तर मात्र पट्टा खरोखर लांबलाय किंवा मुळातच चुकीच्या मापाचा बसवलाय. मापाचं गणित सोपं असतं. पट्ट्यावर 300×52.5×80 असं लिहिलेलं असेल तर रुंदी 300 मिलिमीटर, दोन कड्यांमधलं अंतर 52.5 आणि कड्या 80, म्हणजे एकूण घेर 4,200 मिलिमीटर. दोन कड्या जास्तीचा पट्टा कोणी स्वस्तात गळ्यात मारला तर घेर 105 मिलिमीटरने वाढतो आणि तो खाऊन टाकायला आयडलरला जागा पुरत नाही. एक खडू, एक फूटपट्टी आणि एक रात्र एवढ्यावर हे तीन दोष वेगळे काढता येतात. याच्या आधी पट्टा विकत घेणं म्हणजे न तपासता औषध घेणं.

यावर पहिला आक्षेप असा की रबर फाटलंय हे तर डोळ्यांना दिसतंय, मग पट्टा बदलायचा नाही का? फाटलेलं रबर कशामुळे फाटलं हे पाहायला हवं. पट्ट्याच्या पोटात लांबीच्या दिशेने पोलादी तारा असतात आणि आडवे पोलादी तुकडे, म्हणजे मापातल्या त्याच कड्या, बसवलेले असतात. ताण तारा पेलतात, स्प्रॉकेटचे दात त्या तुकड्यांना ढकलतात, रबर हे सगळं झाकून ठेवतं. वरवरची चीर भरून पाणी आत जाणं थांबवता येतं, आणि ते घरी जरूर करावं. पण तारा गंजून तुटल्या असतील तर कोणतंही ठिगळ त्यांचा जोर परत आणत नाही, तिथे पट्टा बदलण्यावाचून उपाय नाही हे मान्य. मात्र झिजून चोचीसारख्या झालेल्या दातांवर नवा पट्टा चढवला तर तेच दात नव्या पोलादी तुकड्यांवर चढून त्यांना सैल करतात. दोन्ही अंगांनी सारखे दात असलेली स्प्रॉकेट डावी-उजवी अदलाबदल करून न झिजलेल्या बाजूने वापरता येतात. हा उपाय फुकटचा आहे आणि पट्टा उतरवलेला असतानाच करायचा आहे. सील फुटून तेल गेलेला रोलर फिरायचा थांबतो आणि एका बाजूने सपाट झिजतो. तोही तेव्हाच हाताने फिरवून पाहता येतो. स्वस्त पट्ट्यांमध्ये तारा सलग गुंडाळलेल्या नसतात, टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली असतात आणि पट्टा तुटतो तो बरोबर त्या जोडावर. म्हणून खर्च करायचाच तर आधी दात, रोलर, सील यांवर आणि मग चांगल्या पट्ट्यावर, हा क्रम मी धरीन.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे काम धोक्याचं आहे, घरच्या माणसाने यात पडू नये. धोका खरा आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे माहीत नसणं हा त्याहून मोठा धोका. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो. हाताच्या साध्या ग्रीस गनने शेकडो बार दाब तयार होतो. जुन्या सिलिंडरमधल्या ग्रीसचं तेल निथळून गेलेलं असतं आणि मागे ग्रीसला घट्टपणा देणाऱ्या साबणाचा गोळा उरतो. व्हॉल्व्ह ढिला केला तरी काही बाहेर येत नाही, माणूस वैतागतो, आणखी फिरवतो, वाकून भोकात पाहतो. अशा क्षणी व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो किंवा ग्रीसची धार कातडीत घुसते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत बोट सडायला सुरुवात होते. ही जखम दुखत नसली तरी तासाभरात शस्त्रक्रियेच्या सोयीच्या रुग्णालयात पोहोचावं लागतं. व्हॉल्व्ह पुस्तिकेत सांगितलाय तेवढाच फिरवायचा, ग्रीसच्या निप्पलला हात लावायचा नाही, तोंड आणि हात भोकाच्या रेषेत ठेवायचे नाहीत. तरीही ग्रीस येत नसेल तर बाजूला उभं राहून, दुसऱ्या माणसाकडून पट्टा सावकाश पुढे-मागे फिरवून घ्यायचा, म्हणजे पट्ट्याचा ओढाच ग्रीसला बाहेर ढकलतो. यंत्र उचलण्यासाठी वरचा भाग आडवा वळवून बकेट जमिनीवर दाबतात. पण हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली जायचं नाही, चौकटीखाली जाड लाकडी ठोकळे हवेत. वर सांगितलेल्या मापाचा पट्टा वजनाला शंभर किलोंच्या पुढे जातो. तो हाताने ओढून काढण्यापेक्षा पट्टा आणि चौकट यांच्यामध्ये लोखंडी पाइप घालून स्प्रॉकेट उलटं फिरवावं, यंत्र स्वतःच पट्टा उतरवतं. चढवताना आधी स्प्रॉकेट, मग आयडलर.

आणि एका जागी घरचं काम थांबलंच पाहिजे. आयडलरच्या मागची स्प्रिंग कारखान्यात प्रेसमध्ये दाबून बोल्टने बांधलेली असते. ती बाहेर काढून सुटी पडलेली असली तरी तिच्यातला जोर गेलेला नसतो. हा बोल्ट सोडण्यासाठी साखळ्या, जॅक, वेल्डिंग केलेले पिंजरे असले घरगुती उपाय लोक करतात. माझा त्यांना ठाम विरोध आहे. सील बदलायचं असेल आणि त्यासाठी स्प्रिंग सोडावी लागणार असेल तर तो संच जसाच्या तसा प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावा. काही रचनांमध्ये ग्रीसचा सिलिंडर स्प्रिंगला हात न लावता निघतो, तिथे हे काम घरी होतं. पुस्तिकेतलं चित्र पाहून हे आधीच ठरवावं.

तिसरा आक्षेप हिशेबाचा: पंचवीस-तीस वर्षांच्या यंत्रावर इतका वेळ घालावा का? उत्तर पट्ट्यापेक्षा चौकटीवर अवलंबून आहे. पिस्टनच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सील ते खड्डे पुन्हा कापतात, दांडा क्रोम करून घ्यावा लागतो, आणि ते होतं. मोटरच्या कडेला असलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या दोन गुळगुळीत पोलादी कड्यांच्या सीलमध्ये तार अडकली असेल तर गिअरचं तेल जातं. वेळेत पाहिलं तर तेही निभतं. पण आयडलरची खाच झिजून रुंद झाली असेल, किंवा दगडावर आपटून चौकटच वाकली असेल, तर आयडलर तिरकं धावतं आणि पट्टा कितीही चांगला असला, ग्रीस कितीही भरलं, तरी वळताना तो त्याच बाजूने निसटतो. खाच वेल्डिंगने भरून घासता येते, पण दोन्ही बाजू एका रेषेत आणायला मशीन शॉप लागतं आणि चौकट यंत्रापासून सुटी होत नसेल तर अख्खं यंत्र तिथे न्यावं लागतं. म्हणून पट्टा उतरवल्यावर स्प्रॉकेट आणि आयडलर यांच्यामध्ये दोरी ताणून रेषा तपासावी, आणि नव्या पट्ट्याचे पैसे देण्याच्या आधी तपासावी.