माजिवड्याच्या कोळ्याच्या ताटात कोणती मासळी?

भिवंडीहून ग्रे कापडाचे ताके घेऊन ठाण्याकडे येताना कशेळीचा पूल लागतो, मग बाळकुम आणि मग माजिवडा. गेली अनेक वर्षे माझा हा रस्ता आहे. माजिवड्याला रस्त्याकडेला खाडीची मासळी घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून मी जिताडा किंवा चिंबोऱ्या घेतो. एकदा सहज विचारले, ‘मावशी, तुमच्या घरी तर रोज जिताडा शिजत असेल?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘शेट, जिताडा घरात शिजवला तर तांदूळ-तेल कशाने आणू? आमाला निवट्या हायेत ना!’

आमच्या धंद्यातली माणसे हे लगेच ओळखतील. लूमवर उत्तम कापड विणणारा कारीगर स्वतः फेंटचा तुकडा शिवून घालतो, तसेच हे.

माजिवडा, बाळकुम, कोलशेत या गावांतली काही घरे आजही लहान होडी, पाग आणि बोक्षी यांवर जगतात. मासळी घरची असल्याने पोटभर मिळत असेल असा आपला समज असतो. वस्तुतः ताटात काय पडायचे ते जाळ्यापेक्षा बाजारभावच जास्त ठरवतो. जिताडा, मोठी कोळंबी, भरलेली चिंबोरी विकायला जाते. चिंबोरी तर जिवंत परदेशी रवाना होते, त्यामुळे ती घरच्या तव्यावर क्वचितच येते. घरी उरतात निवट्या, बारीक बोय, जवळा आणि तुटक्या नांगीची चिंबोरी. यात एक गोष्ट बरी आहे. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी कॅल्शियमच्या दृष्टीने मोठ्या माशाच्या तुकड्यापेक्षा सरस असते.

पाण्याचाही हिशेब असतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाळे भरते, मधल्या भांगाच्या दिवसांत रिकामे येते. तेव्हा कोळ्याच्याच घरी बाजारातून सुकट विकत आणली जाते! पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौकांना बंदी असते. ताजी मासळी कमी झाली की खाडीच्या मालाला भाव चढतो आणि घरचे ताट आणखी हलके होते. श्रावणात उलटे घडते. हिंदू गिऱ्हाईक थांबते, आमच्यासारखेच काय ते उरतात. भाव पडतो आणि न खपलेली चांगली मासळी घरी जाते. मावशींच्या नातवंडांना मोठी कोळंबी मिळते ती या दिवसांत.

पण मूळ दुखणे पाण्याचे आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली येथील कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी उल्हास नदीतून या खाडीत उतरते. गाळात पारा सापडल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. वनशक्ती या संस्थेच्या अर्जावर २०१५ साली हरित लवादाने प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला होता. यात आपण कापडवाल्यांनी अंग काढून घेऊ नये. रंगाई-धुलाईचे पाणी आणि उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांनी वालधुनीत सोडलेले निळे पाणी हे आपल्याच मालाचे पाणी होते. त्या मालावर मीही नफा कमावला आहे. रेतीच्या उपशाने तळ खरवडला गेला, भरावाने तिवरे गेली, ते वेगळेच.

याचा परिणाम दुहेरी होतो. मासळीला घासलेटचा वास आला की गिऱ्हाईक टोपली परत करते. तो माल फेकवत नाही, म्हणून घरी शिजतो. म्हणजे जे आपण नाकारतो, ते ज्यांची खाडी आहे त्यांच्या पोटात जाते. त्यातही पुरुष आणि मुले आधी जेवतात. विकून दमून आलेल्या बाईच्या वाट्याला कालवणाचा रस्साच उरतो.

हल्ली मावशींच्या टोपलीत आंध्रातून बर्फात आलेला राहू-कटलाही असतो. खाडीतून पुरेसे मिळत नाही म्हणून त्या पहाटे बाजारातून तो विकत आणतात आणि इथे विकतात. परवा मी जिताडा विचारला तर नव्हता. टोपलीच्या तळाशी ओल्या फडक्यात निवट्या गुंडाळलेल्या होत्या. भाव विचारला तर म्हणाल्या, ‘त्या इकायच्या न्हाईत शेट, त्या घरच्या.’