बियाणे शुद्ध हवे, पण कुत्रा ‘शुद्ध’ घेताना काय पाहाल?

गेल्या काही वर्षांत आपल्या मुलचेरा तालुक्यात अल्सेशियन कुत्र्याचे वेड बरेच वाढले आहे. रानडुकरांनी धानाची बांधी उकरून ठेवली की राखणीला जबर कुत्रा हवासा वाटतो. मोटारपंपाच्या चोऱ्या आहेत, रस्त्याच्या कडेला दुकान काढले तर तिथेही राखण हवी. थोडा मानाचाही भाग आहे, तो नाकारून चालणार नाही. दारात कान टवकारलेला अल्सेशियन बसला की पाव्हणा फाटकाबाहेरच थबकतो! त्यामुळे आष्टी, चामोर्शी, चंद्रपूर, पार नागपूरहून दहा-बारा हजार मोजून पिल्ले आणली जातात. आणताना माणूस एकच प्रश्न विचारतो, “असली आहे ना जी? शुद्ध आहे ना?”

या ‘शुद्ध’ शब्दाने घोटाळा केला आहे. आपण धानवाले. बियाणे शुद्ध असावे, भेसळ नसावी, हे मी स्वतः तुम्हाला दर खरिपात सांगतो. पण धानाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्याचा संसार पिढ्यान् पिढ्या घरातल्या घरातच चालतो, आणि जे रोप दोषी निघाले ते केव्हाच गळून गेलेले असते. म्हणून धानाला शुद्धता मानवते. कुत्रा, बकरी, गाय, माणूस यांचे तसे नाही. यांच्या अंगात काही दोष लपून बसलेले असतात. दोष एकाच बाजूने आला तर बहुधा काही होत नाही, आई आणि बाप दोघांकडून आला की पिल्लात उघडा पडतो. बाप दोष बाळगणारा असेल तर त्याच्या मुलीतही तो असण्याची शक्यता निम्मी, म्हणजे नाणे उडवल्यासारखी. आता त्याच बापाला त्याच मुलीवर सोडले तर काय होईल? बाहेरच्या कुत्रीत नेमका तोच दोष असणे क्वचित, घरातल्या कुत्रीत मात्र तो निम्म्या वेळा. आपल्याकडे सगोत्र सोयरीक टाळतात, कुत्र्याच्या बाबतीत तिलाच ‘शुद्ध’ म्हणून जास्त पैसे मोजतात.

अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांना ‘जर्मन’ हा शब्दही नकोसा झाला, म्हणून त्यांनी अल्सेशियन हे नाव रूढ केले. इंग्लंडच्या केनेल क्लबने 1977 मध्ये जुने नाव परत दिले, आपल्या तोंडी मात्र इंग्रजी काळातलेच राहिले. ही जात 1899 मध्ये जर्मनीत मॅक्स फॉन स्टेफानित्झ या घोडदळाच्या कप्तानाने बांधली. मेंढ्या राखणारा एक कुत्रा त्याला पसंत पडला, त्याचे नाव होरांड. जातीच्या नोंदवहीत पहिला क्रमांक याच होरांडचा, आणि आज जगभरच्या अल्सेशियनांत त्याचे रक्त आहे. जात लवकर एकसारखी व्हावी म्हणून सुरुवातीला नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. त्यातून हुशारी आली, इमान आले, अंगकाठी आली. लपलेले दोषही सोबत आले.

त्यातला सर्वांत मोठा दोष खुब्याचा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत घट्ट बसायला हवा. या कुत्र्यांत कधी वाटी उथळ असते, कधी गोळा सैल. प्रत्येक पावलाला सांधा आतून घासतो आणि पुढे संधिवात जडतो. जन्मताना पिल्लू अगदी ठणठणीत दिसते. पाच-सहा महिन्यांपासून वर्षभरात लक्षणे दिसू लागतात, कधी फार उशिराही. कुत्रा उठताना मागचा भाग ओढत उठतो, बसल्या जागी बसून राहतो, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडून टाकतो, चालताना कंबर डावी-उजवी हलते. मागच्या मांड्या बारीक होतात आणि छाती मात्र भरते, कारण सारा भार तो पुढच्या पायांवर घेतो.

लगामकडच्या एका शेतकऱ्याने असा कुत्रा मला दाखवला होता. वय चौदा महिने. “साहेब, कोणी तरी काठी मारली असन,” असे घरच्यांचे म्हणणे. तेल चोळून झाले, हळदीचा लेप झाला, झाडपाला झाला. कोणी काठी मारलेली नव्हती. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण फोटो काढल्यावर दोन्ही खुबे सैल निघाले. राखणीसाठी आणलेला कुत्रा आता पायरी चढत नाही. आपल्या बाजूला जंगल दाराला लागून, चपराळा अभयारण्य जवळ, आणि बिबट्याला कुत्रे आवडते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. लंगडा कुत्रा राखण तर करत नाहीच, त्यालाच राखावे लागते.

या दोषात रक्ताचा वाटा आहे तसा भांड्याचाही आहे. अमेरिकेत 48 लॅब्राडोर पिल्लांवर आयुष्यभराचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये छापून आले. एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दिले. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा त्रास कमी झाला, झाला तोही उशिरा, आणि ते सरासरी पावणेदोन-दोन वर्षे जास्त जगले. आपण काय करतो? महागाचे पिल्लू म्हणून भात, अंडी, कोंबडी, वरून दूध असे ठासून भरतो. दोन महिन्यांत वासराएवढे झाले की कौतुकाने दाखवतो. हाडे पक्की होण्याआधीच त्या खुब्यावर वजन पडते. मोठ्या जातीच्या पिल्लाची बरगडी हाताला सहज लागली पाहिजे, एवढेच त्याचे पोट भरावे. कॅल्शियमच्या बाटल्या तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणूच नका. जास्तीचे कॅल्शियम वाढत्या हाडाला बळ देत नाही, ते वाकडेपण आणते.

याच्या उलट दुसरा दोष. कुत्रा खा-खा खातो आणि वाळत जातो. विष्ठा ढीगभर, फिकट, तेलकट, घाण वासाची. “जंत झाले असतील जी,” म्हणून जंताची गोळी, महिन्याने पुन्हा गोळी. जंत असतीलही, पण अल्सेशियनमध्ये स्वादुपिंड आटण्याचा आजार इतर जातींपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. अन्न पचवणारा रस तयार होत नाही, त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. असा कुत्रा भरल्या ताटावर उपाशी मरतो. रक्ततपासणीत हे कळते. पाचक रसाची पावडर रोज खाण्यात मिसळून दिली तर कुत्रा पुन्हा भरतो, मात्र ती जन्मभर द्यावी लागते.

म्हातारपणी, साधारण आठ वर्षांनंतर, मागचे पाय लुळे पडत जाण्याचा एक आजार आहे. त्यात दुखत नाही. पंजा उलटा पडतो, नखे जमिनीवर घासतात, पुढे कंबर खाली बसते. हा मज्जारज्जूचा आजार. त्याला उपाय नाही. त्यामागचा जनुकीय दोष 2009 मध्ये सापडला, त्यामुळे जोडीतल्या नर-मादीची आधी चाचणी करता येते. दुसरे म्हणजे पोट फुगून जठराला पीळ पडणे. खोल छातीच्या सगळ्याच मोठ्या कुत्र्यांना याचा धोका असतो. पोट ढोलासारखे होते, कुत्रा ओकायला करतो पण काही निघत नाही. मग सकाळची वाट पाहू नका, काही तासांत जीव जातो. दिवसातून एकदा भांडेभर घालण्याऐवजी दोन-तीनदा थोडे घाला आणि खाल्ल्याबरोबर पळवू नका. नराची एकच गोळी खाली उतरली असेल तर तोही रक्तातून आलेला दोष आहे. असा नर जोडीला वापरू नये. पोटात राहिलेल्या गोळीत पुढे गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून शस्त्रक्रिया करून ती काढून टाकलेली बरी.

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा, कारण आपल्या गोठ्यात ती रोज घडते. गाईम्हशींच्या गोचिडांसाठी, बकऱ्यांच्या खरजेसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन उरते. कुत्र्यालाही खरूज आहे, मग त्यालाच टोचून टाका, असा हिशेब होतो. कोली जातीच्या पुष्कळ आणि अल्सेशियनमधल्याही काही कुत्र्यांत असा जन्मजात दोष असतो की हे औषध मेंदूत शिरते. कुत्रा लाळ गाळतो, झोकांड्या खातो, आंधळ्यासारखा आपटतो, बेशुद्ध होतो. मरतोही. वरून पाहून हा दोष ओळखता येत नाही. ढोराचे माप कुत्र्याला लावू नका. डोस ठरवणे हे पशुवैद्यकांचे काम, माझेही नाही आणि औषध दुकानदाराचेही नाही.

मग पिल्लू घ्यायचेच नाही का? घ्या, पण बकरी घेताना जेवढे पाहता तेवढे तरी पाहा. आई दाखवा म्हणा, ती उठते-चालते कशी ते पाहा. बापही जागेवर असेल तर त्यालाही चालवून बघा. आईबापाच्या खुब्याचा क्ष-किरण फोटो काढला आहे का, हे विचारा. विकणारा हसेल, हसू द्या. तो केनेल क्लबचा कागद पुढे करेल. तो कागद वंशावळ सांगतो, तब्येतीचा दाखला नव्हे. मात्र वाचायला उपयोगी आहे. आईच्या आणि बापाच्या बाजूला एकच नाव दोन-तीनदा आले असेल, तर पिल्लू घरातल्या घरातले आहे हे समजा. मागून घसरगुंडीसारखी उतरलेली पाठ फोटोत छान दिसते, बांधावर चालायला सरळ पाठीचा कुत्रा बरा.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनीही लक्षात ठेवावे की कुत्र्यांच्या पैदाशीला व विक्रीला केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीला लावता येत नाही, आणि तिच्या जन्मात पाचपेक्षा जास्त विणी घेता येत नाहीत. बाजारात टोपलीत डोळेही नीट न उघडलेली पिल्ले घेऊन कोणी बसला असेल तर त्याला हे सांगण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

देशी जातीही दोषमुक्त नाहीत. लातूर-सोलापूरकडचा कारवानी, ज्याला सीमेपलीकडे मुधोळ म्हणतात, तो काटक. त्याच्या अंगावर चरबी फार कमी, म्हणून अशा शिकारी बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधे जड जातात. नसबंदीला नेताना जात कोणती हे डॉक्टरांना आधी सांगा. तमिळनाडूचा पांढराशुभ्र राजपालयम दिसायला राजबिंडा, पण त्यात जन्मबहिरी पिल्ले निघतात. आपले गावठी कुत्रे पिढ्यान् पिढ्या गावोगावच्या रक्ताने मिसळले आहे. त्यातले जे अधू ते उन्हाळा-पावसाळ्यात टिकले नाही, जे उरले ते निवडून उरले. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात अल्सेशियन धापा टाकत पडतो, तेव्हा गावठी पळसाखाली एक डोळा उघडा ठेवून झोपलेले असते. राखणीला गावठ्यांची जोडी, तीही रेबीजची लस टोचलेली, हे माझे मत; पटले तर घ्या. राखणीच्या नावाखाली कुत्रे घेऊन शिकारीला जाल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो, हेही सांगून ठेवतो.

जाता जाता तुमच्या बकऱ्यांकडे वळतो, कारण दोष तोच आहे. कळपातला देखणा बोकड तीन-तीन, चार-चार वर्षे तिथेच राहतो आणि स्वतःच्या मुलींना, नातींना लागतो. मग करडे कमी वजनाची होतात, मरतुक वाढते, बकऱ्या उलटतात आणि आपण चाऱ्याला दोष देतो. त्याच्या पहिल्या पाठी माजावर येण्याआधी बोकड बदला. विकायचा नसेल तर दुसऱ्या गावच्या ओळखीच्या माणसाशी अदलाबदल करा. दोन्ही बोकड चांगले असतील तर पैसाही लागत नाही, फक्त आणायच्या आधी दोघांना पीपीआरची लस टोचून पंधरा दिवस वेगळे बांधा.