गेमिंग संगणकासाठी मदरबोर्ड आणि मेमरी: आधी क्रम ठरवा, मग खरेदी करा

रायपूर: बारावीनंतर मुलाला संगणक घेऊन देण्याचा प्रसंग नागपूर-पुण्याप्रमाणेच रायपूरच्या तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतील मराठी कुटुंबातही येतो. संगणक अभ्यासासाठी आहे, असे घरात सांगितले जाते. तो गेम खेळण्यासाठीही आहे, हे सर्वांना ठाऊक असते. खरेदीची चर्चा बहुधा ग्राफिक कार्डापासून सुरू होते. मदरबोर्ड आणि मेमरी (रॅम) यांचा विचार शेवटी, उरलेल्या पैशांत केला जातो. नेमकी येथेच चूक होते. ग्राफिक कार्ड दोन वर्षांनी सहज बदलता येते. मदरबोर्ड बदलायचा झाल्यास मात्र प्रोसेसर आणि मेमरीही बदलण्याची वेळ येऊ शकते.

मेमरी का महागली?

ही चूक आता पूर्वीपेक्षा अधिक महाग पडते. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत अनेक मेमरी संचांच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या. जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीत नफा अधिक असल्याने त्यांनी आपले उत्पादन त्या दिशेला वळवले. सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' या नावाचा व्यवसाय बंद करत असल्याची घोषणा मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये केली.

रायपूरकरांना ही घडामोड फार दूरची नाही. मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी मुख्यमंत्री विष्णु देव साय यांच्या हस्ते झाली. अशी केंद्रे आणि घरचा संगणक यांना लागणाऱ्या चिप अखेर त्याच मोजक्या कारखान्यांतून येतात.

पहिला प्रश्न: कोणता सॉकेट?

प्रोसेसर बोर्डावरील ज्या खाचेत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. कोणत्या पिढीची मेमरी लागेल, हे सॉकेट आणि बोर्ड मिळून ठरवतात. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर केवळ डीडीआर-४ मेमरी चालते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ वर केवळ डीडीआर-५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. मात्र एका बोर्डावर सहसा एकच प्रकार चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसोबत आलेल्या एलजीए १८५१ साठी डीडीआर-५ आवश्यक आहे.

डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही मेमरींना २८८ पिना असतात, परंतु मधली खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. म्हणून बोर्ड घेताना त्याच्या नावाबरोबर मेमरीची पिढीही बिलावर लिहून घ्यावी.

पुढे केवळ प्रोसेसर बदलून संगणक अद्ययावत करायचा असेल, तर एएम-५ हा सोयीचा पर्याय आहे. या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. मात्र जुन्या साठ्यातील बी-६५० बोर्डावर रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर बसवायचा असल्यास आधी बायोस अद्ययावत करावे लागू शकते. प्रोसेसर न बसवताही बायोस अद्ययावत करण्याचे बटण असलेला बोर्ड अशा वेळी उपयोगी पडतो.

ज्यांच्याकडे डीडीआर-४ मेमरीची चांगली जोडी आधीपासून आहे, त्यांनी ती घाईने विकू नये. एएम-४ किंवा डीडीआर-४ चा एलजीए १७०० बोर्ड घेऊन वाचलेला पैसा ग्राफिक कार्डाकडे वळवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, जुन्या सॉकेटचा बोर्ड घेताना विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुविधा त्यावर आहेत का, हे पाहावे. व्हॅलोरंटसारखा गेमही विंडोज ११ वर या दोन्ही सुविधा सुरू असल्याशिवाय चालत नाही.

मेमरी किती असावी?

२०१५ मध्ये जीटीए-५ संगणकावर आला, तेव्हा ८ जीबी मेमरीची शिफारस होती. सायबरपंक २०७७ च्या २०२३ मधील सुधारित निकषांत किमान १२ आणि शिफारस १६ जीबीची होती. यावरून १६ जीबी ही आज गेमिंगची सुरुवातीची पायरी मानावी. गेमसोबत ब्राउझर आणि बोलण्याचे सॉफ्टवेअर सुरू ठेवणाऱ्यांना ३२ जीबी अधिक सोयीचे पडते.

हे प्रमाण एका पट्टीत घ्यावे की दोन? बोर्डावर मेमरीचे दोन मार्ग असतात. एकच पट्टी लावल्यास एक मार्ग रिकामा राहतो. ६००० वेगाची एक डीडीआर-५ पट्टी सेकंदाला कमाल ४८ जीबी माहिती वाहू शकते, तर दोन पट्ट्या मिळून ९६ जीबी. म्हणून ३२ जीबीसाठी १६-१६ ची एकाच संचातील जोडी सर्वोत्तम.

पैसे कमी असतील तर येथे खरी कसोटी लागते. १६ जीबीवरच थांबायचे असेल, तर ८-८ ची जोडी घ्यावी. काही महिन्यांत ३२ जीबीपर्यंत जाणे निश्चित असेल, तर सध्या १६ जीबीची एक पट्टी घेऊन तिचा मॉडेल क्रमांक जपून ठेवावा आणि तोवर थोडा मंद वेग सोसावा. आधी ८-८ आणि नंतर आणखी ८-८ हा मार्ग टाळावा, कारण चार पट्ट्यांमुळे डीडीआर-५ चा वेग घटतो. रायझन ९००० साठी एएमडीने दोन पट्ट्यांसह ५६०० आणि चार पट्ट्यांसह ३६०० हा अधिकृत वेग दिला आहे.

वेगाचा आकडा आणि त्यामागचे सत्य

पाकिटावरील मोठा आकडा म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. त्याशेजारी 'सीएल' हा दुसरा आकडा असतो. मेमरी प्रतिसाद द्यायला किती आवर्तने घेते, हे तो सांगतो. ३२०० वेगाची सीएल-१६ मेमरी आणि ६००० वेगाची सीएल-३० मेमरी या दोन्हींचा प्रतिसाद १० नॅनोसेकंदांचा आहे. ६००० वेगाचीच पण सीएल-४० असलेली मेमरी मात्र सुमारे १३.३ नॅनोसेकंद घेते. एएम-५ साठी ६००० वेग आणि सीएल-३० ते ३६ ही निवड समतोल मानली जाते. रायझन ७ ७८००एक्स३डी सारख्या मोठी कॅश असलेल्या प्रोसेसरला मेमरीच्या वेगाने फारसा फरक पडत नाही. तेथे महागड्या संचावर खर्च करू नये.

इंटेलचा एच-६१० हा स्वस्त चिपसेट मेमरी ठरावीक मर्यादेपेक्षा जलद चालवू देत नाही. त्यावर वेगवान मेमरी लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. बी-७६० मध्ये ही अडचण नाही.

रायपूरचा उन्हाळा आणि धूळ

मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरील भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, अशा दिवसांत अधिक तापतो. म्हणून रंगीत दिव्यांपेक्षा या भागावर धातूचे शीतक आहे का, हे पाहावे. डीडीआर-५ मध्ये विजेचे नियंत्रण करणारी चिप पट्टीवरच असल्याने मेमरीलाही खेळती हवा लागते.

उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे शहराच्या काही भागांत काळी धूळ बसते. त्यामुळे कॅबिनेटला काढून धुता येणारी जाळी असावी. उन्हाळ्यात कूलरच्या ओलसर झोतासमोर संगणक ठेवू नये. पावसाळ्यात वीज चमकते आणि पुरवठा कमीजास्त होतो, तेव्हा चांगला एसएमपीएस आणि यूपीएस बोर्डाचे आयुष्य राखतात.

दुकानातून निघण्यापूर्वी

मेमरीच्या पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात, असे चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांच्या पुस्तिकेत सांगितलेले असते. डीडीआर-५ चा संगणक प्रथम सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. बोर्ड मेमरीची जुळवणी करत असतो; घाबरून वीज बंद करू नये.

त्यानंतर बायोसमध्ये इंटेलसाठी एक्सएमपी, तर एएमडीसाठी एक्सपो हा पर्याय सुरू करावा लागतो. तो सुरू न केल्यास ६००० वेगासाठी पैसे मोजूनही मेमरी ४८०० किंवा ५६०० वरच चालत राहते आणि अनेकांना हे वर्षानुवर्षे कळत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग आणि वापरातील स्लॉटची संख्या दिसते. ती दुकानातच पाहून घ्यावी. बिलावर बोर्डाचा आणि मेमरीचा अनुक्रमांक असावा, कारण हमीचा दावा त्यावरच उभा राहतो.

थोडक्यात, प्रोसेसर, सॉकेट, बोर्ड आणि शेवटी मेमरी, हा विचाराचा क्रम आहे. मेमरी महाग असताना सर्वांत मोठी बचत स्वस्त पट्टी शोधण्यात नसून, घेतलेली पट्टी पुढील अनेक वर्षे उपयोगी पडेल असा बोर्ड निवडण्यात आहे.